नस म्हणजे नेमकं काय? आईला समजावताना माझीच बोबडी वळली

कवळेकर_बाबू · १४ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आई ६८ वर्षांची. पंधरा वर्षं मधुमेह, गोळ्या नियमित. गेले सहा महिने तळपायांना मुंग्या येतात, रात्री पाय आग ओकतात, आणि अंगणात अनवाणी चालताना म्हणते, "पायाखाली कापूस अंथरल्यासारखा वाटतो रे." परवा फोंड्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक लोखंडी चिमटा वाजवून तिच्या घोट्याच्या हाडाला लावला, "थरथर कळते का?" विचारलं. आई म्हणाली, "कसली थरथर?" मग त्यांनी 'नर्व्ह कंडक्शन' नावाची, नसेला करंट देऊन करायची तपासणी लिहून दिली.

घरी आल्यापासून आईचा प्रश्न एकच. "नस म्हणजे रक्ताचीच ना? मग रक्त काढा की. करंट कित्याक देतात?"

आणि मी गप्प. आमचं चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. बारावीला न्यूरॉनची आकृती काढून, नावं घालून पुरे मार्क घेतले होते. पण आईला तिच्या भाषेत दोन वाक्यं सांगायची वेळ आली तर माझ्याकडे शब्दच नाहीत. इथे जाणकार आहेत. साध्या मराठीत कुणी सांगेल का?

(औषध सुचवू नका. ते डॉक्टर बघताहेत.)

---

शेवटचा_बाक · रात्री ९.५२

पहिला. वाचतोय.

रात्री झोपेत पोटरीला 'नसेवर नस चढते' ती कुठली नस? तिचाही निकाल इथेच लावून टाका.

---

साखळीकर · रात्री १०.०५

बाबू, काळजी नको. नसांचा अशक्तपणा आहे. माझ्या काकांना हेच झालेलं. नसांचं टॉनिक मिळतं, लाल गोळ्या. दिवसाला दोन, दोन महिने. चालू करून टाका.

---

बांबोळी_शिफ्ट · रात्री १०.३१

साखळीकर, त्यांनी कंसात काय लिहिलंय ते वाचलंत का?

त्या 'लाल गोळ्यां'मध्ये बहुतेक वेळा ब-जीवनसत्त्वांचं मिश्रण असतं. त्यातलं बी६ दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानेच पायांच्या नसा बधिर होतात. ज्या दुखण्यावर गोळी घेतली तेच दुखणं गोळीने लावून घ्यायचं. वॉर्डात पाहिलंय. तपासणीआधी काहीही सुरू करू नका.

धाग्याच्या विषयावर मास्तरांनी बोलावं, मी शिफ्टवर आहे.

---

निवृत्त_मास्तर · १५ फेब्रुवारी, सकाळी ६.१५

हाक ऐकली. डिचोलीत धुकं आहे, चहा झालाय, बसून लिहितो.

बाबू, तुमच्या आईची चूक नाही, चूक शब्दाची आहे. आपण 'नस' तीन वेगळ्या वस्तूंना म्हणतो. मनगटावर निळी दिसते ती, म्हणजे शीर, तिच्यात रक्त वाहतं. टाचेच्या मागे ताणलेली कडक दोरी लागते, ती कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी. आणि तिसरी जी दिसत नाही, जिच्याबद्दल डॉक्टर बोलले, ती चेता. शेवटच्या बाकावरच्या गृहस्थांची 'नसेवर नस' यांपैकी एकही नव्हे. तो पोटरीच्या स्नायूला आलेला पेटका. कुणी कुणावर चढत नाही.

या गोंधळात आपण एकटे नाही. जुन्या ग्रीकांचा 'न्यूरॉन' हा शब्द मुळात कंडरेसाठीच होता. शरीर उघडलं की दोन्ही पांढऱ्या दोऱ्याच दिसतात, त्यांनी एकच नाव दिलं. शिवाय हातापायांत धमनी, शीर आणि चेता पुष्कळदा एकाच वाटेने, एका जुडीत बांधल्यासारख्या जातात. खाटीक सोडला तर त्या वेगळ्या ओळखायची वेळ कुणावर येते?

तेव्हा आईला पहिलं वाक्य हे सांगा: ही नस पोकळ नाही. भरीव आहे. तिच्यातून काही वाहत नाही, तिच्यातून निरोप जातो. म्हणून रक्त काढून ती कळत नाही, निरोप पाठवूनच तपासावी लागते. तो निरोप म्हणजे तो 'करंट'.

शब्दांबद्दल आणखी एक. जुन्या पुस्तकांत 'मज्जासंस्था, मज्जातंतू' मिळेल, नव्या शालेय पुस्तकांत 'चेतासंस्था, चेतापेशी'. मला नवा शब्द बरा वाटतो. मज्जा म्हटलं की हाडातला मगज आठवतो, आणि तो तर रक्त तयार करतो. म्हणजे पुन्हा रक्तच!

---

कवळेकर_बाबू · सकाळी ७.०२

मास्तर, 'पोकळ नाही, भरीव आहे' हे आत्ताच सांगून आलो. आईने विचारलं, "मग निरोप जातो तो कसा? आत तार आहे?"

---

निवृत्त_मास्तर · सकाळी ७.४०

आईंना माझा नमस्कार सांगा. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांनी हा प्रश्न विचारला नव्हता.

तार म्हटलं की तांबं आठवतं, आणि घोळ होतो. तारेत वीज पलीकडून येते, तार स्वतः काही करत नाही. चेतातंतू जिवंत असतो, निरोप पावलापावलाला नव्याने उभा करतो. तुम्ही फोंडा तालुक्यातले, म्हणजे खाजन शेती पाहिलेली असणार. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला शेत, मध्ये बांध आणि बांधाला मानस, म्हणजे पाणी अडवणारं-सोडणारं दार. चेतातंतूचं आवरण म्हणजे तो बांध. बाहेर मिठातलं सोडियम आतल्यापेक्षा दहापट अधिक. आत पोटॅशियम जास्त. बांधाला लाखो बारीक मानशी, एरवी बंद. या फरकामुळे आतबाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा दाब राहतो, टॉर्चच्या सेलच्या साधारण विसावा भाग.

टोकाला काही टोचलं की तिथल्या मानशी उघडतात, सोडियम आत घुसतं. त्या लोंढ्याने शेजारच्या मानशी उघडतात, मग त्यांच्या शेजारच्या. पहिल्या तोवर मिटलेल्या असतात, आणि क्षणभर पुन्हा उघडत नाहीत, म्हणून लाट मागे फिरत नाही, पुढेच जाते. पाणी अंगठ्यापासून कमरेपर्यंत वाहिलं का? नाही. जागच्या जागी दार उघडलं-मिटलं, आणि उघडण्याची बातमी कमरेपर्यंत गेली.

आणि आत आलेलं सोडियम उपसायला पंप आहेत. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. अहोरात्र. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो खातो. त्यातला मोठा भाग या उपशावर जातो.

---

शेवटचा_बाक · सकाळी ८.१०

मास्तर, खऱ्या मानशीचं दार भरती आली की मिटतं हो. तुमची उलटी चालते. खाजनवाल्यांना विचारा.

---

निवृत्त_मास्तर · सकाळी ८.१८

मान्य. उपमा तिथे फुटते. बांध तेवढा धरा, दार सोडा.

---

रांपणीचा_दोर · सकाळी ११.२५

मास्तर, हे बांधाच्या आतबाहेरचं मीठ मोजलं कसं कुणी? तुम्हीच म्हणता डोळ्याला दिसत नाही.

---

निवृत्त_मास्तर · दुपारी १२.५०

तुमच्याच जाळ्यातल्या जिनसेने मोजलं! माणकी. मालवणात माकूल म्हणतात ती.

माणसाचा चेतातंतू जाडीला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पुष्कळ तर त्याहून बारीक. त्यात काही घुसवणं अशक्य. पण माणकीला संकट दिसलं की सगळं अंग एकदम आवळून पाण्याची पिचकारी मारत मागे पळायचं असतं. त्या निरोपासाठी तिच्या अंगात एक राक्षसी तंतू आहे, जाडी अर्धा ते एक मिलिमीटर. जे. झेड. यंग यांनी १९३६ च्या सुमारास तो चेतातंतूच असल्याचं दाखवलं. मग इंग्लंडात प्लिमथच्या किनाऱ्यावर हॉजकिन आणि हक्सली या दोघांनी त्या तंतूत लांबीच्या दिशेने बारीक नळी सरकवली आणि आतला दाब थेट मोजला. हे १९३९. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं, काम थांबलं. पुन्हा येऊन त्यांनी १९५२ मध्ये सोडियम-पोटॅशियमचा सगळा हिशेब गणितात मांडला. १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं, एक्लिस यांच्या जोडीने.

त्यांची माणकी वेगळ्या जातीची, पण आपली तिची बहीणच म्हणायची. घरी साफ करताना तो तंतू शोधत बसू नका. पारदर्शक असतो, आणि बायकोला उत्तर द्यावं लागेल.

---

रांपणीचा_दोर · दुपारी १.०४

आणि आम्ही तिच्यात रेशाद मसाला भरतो.

बरं, केंड माशाचं काय? आमचे म्हातारे केंड जाळ्यात आला तर हात लावू देत नसत. खाल्ला तर तोंड बधिर होतं म्हणत.

---

बांबोळी_शिफ्ट · दुपारी ३.४५

झोप झाली. म्हातारे बरोबर सांगत होते. केंडाच्या यकृतात आणि अंड्यांत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. मास्तरांच्या सोडियमच्या मानशी आहेत ना, त्यांच्या तोंडात ते बुचासारखं बसतं. निरोपच थांबतो. आधी ओठ, जीभ बधिर, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. शिजवून ते जात नाही. माणूस शुद्धीत असतो आणि श्वास घेता येत नाही, इतकं भयंकर.

याच मानशी थोड्या वेळापुरत्या, एवढ्याशा जागेत मिटवल्या की त्याला आपण भूल म्हणतो. दाढ काढताना हिरडीत देतात ते इंजेक्शन हेच करतं.

मण्यारीचं काम पुढच्या टप्प्यावर. निरोप चेतेच्या टोकापर्यंत येतो, पण टोक आणि स्नायू यांच्यात बारीक फट असते, तिथे वीज उडी मारत नाही. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सांडतं, स्नायू ते झेलतो आणि आवळतो. मण्यारीचं विष ही देवाणघेवाण मोडतं. दंश दुखत नाही, सूज नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतं म्हणतो, पापण्या वर होत नाहीत. पावसाळ्यात सत्तरी, सांग्याकडचं असं कुणी आलं की आम्ही आधी पापण्या बघतो. 'काही चावलं नाही' या शब्दावर विसंबून घरी थांबू नये. १०८ ला फोन.

---

जाई_म्हार्दोळ · दुपारी ४.२०

घाबरवलंत की!

माझा प्रश्न वेगळा. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात सुई देतात. माझी सासू आजही म्हणते, "त्या सुईने तुझी कंबर गेली." कण्यातच तर मुख्य नस असते ना? सुई तिच्यात गेली तर?

---

बांबोळी_शिफ्ट · दुपारी ४.४८

छान विचारलंत. कण्याच्या मणक्यांतून मेरुरज्जू खाली येतो हे खरं, पण तो शेवटपर्यंत येत नाही. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. लहानपणी हाडांचा कणा भराभर वाढतो, आतला रज्जू मागे राहतो. तिथून खाली नुसते चेतांचे सुटे धागे पाण्यात लोंबतात, घोड्याच्या शेपटासारखे. नावही तेच आहे, अश्वपुच्छ. सुई देतात ती तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत किंवा त्याखाली. तिथे रज्जू नाहीच. धागे सुईला बाजूला होतात, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारखे.

बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला पुष्कळ कारणं आहेत. नऊ महिने वजन, ढिले झालेले सांधे, वाकून पाजणं. सासूबाईंना सुईच दिसली, बाकीचं दिसलं नाही.

---

जाई_म्हार्दोळ · दुपारी ४.५५

शेवया! हे मी त्यांना आज सांगणार. धन्यवाद हो.

---

घुमटवाला · संध्याकाळी ७.१०

उशिरा आलो. दोन गोष्टी विचारतो.

एक. वास्कोच्या सप्ताहात भजनाला मांडी घालून बसलो की तासाभराने पाय मरतो. उठलं की आधी लाकूड, मग हजार सुया. रक्त अडतं म्हणून ना?

दोन. घुमट आरती मी डोळे मिटून वाजवतो. पण कुणी मध्येच विचारलं, 'डावा हात आत्ता काय करतोय?' तर चुकतो. असं का?

---

निवृत्त_मास्तर · रात्री ८.०५

एक. रक्त अडतं, पण पायाचं नव्हे इतकं, चेतेचं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या गाठीवरून एक चेता अगदी कातडीलगत जाते. मांडीच्या दाबाने ती चेपते, तिला पोसणाऱ्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या मिटतात, पंप थांबतात, निरोप थांबतो. पाय उचलला की रक्त परत येतं आणि अर्धवट जाग्या झालेल्या चेता वेडेवाकडे, कारणाशिवायचे निरोप सोडतात. त्या सुया. थोड्या वेळाने शिस्तीत येतात. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात तीही अशीच एक उघड्यावर राहणारी चेता.

दोन. हा प्रश्न मला फार आवडला. मोठ्या मेंदूच्या खाली, मानेच्या वर मागच्या बाजूला, लहान मेंदू असतो. आकाराने लिंबाएवढा नव्हे, मोसंबीएवढा. २००९ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या. मोजल्या कशा? मेंदूचं अक्षरशः सूप करून, त्यातली केंद्रकं मोजून. एकूण चेतापेशी निघाल्या सुमारे ८६ अब्ज. त्यातल्या ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत! विचार करणारा म्हणून मिरवतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत फक्त १६ अब्ज.

एवढी गर्दी तिथे कशाला? तर हेच. कुठला स्नायू किती वेळ, किती जोराने, कुणाच्या आधी. पहिल्या वर्षी घुमट शिकताना तुम्ही मोठ्या मेंदूने वाजवत होता, मोजून मोजून. दहा वर्षांनी तो हिशेब लहान मेंदूकडे आणि त्याच्या सोबतच्या खोलवरच्या केंद्रांकडे गेला. त्यांना मराठी येत नाही, कोंकणीही नाही. कुणी शब्दांत विचारलं की मोठा मेंदू मध्ये पडतो आणि ताल मोडतो.

---

शेवटचा_बाक · रात्री ८.२०

उर्राक घेतलेला माणूस रेषेवर चालू शकत नाही, तोही लहान मेंदूचाच दोष का?

---

निवृत्त_मास्तर · रात्री ८.२४

हो. दारूला तो भाग लवकर बळी पडतो. म्हणून चाल जाते, जीभ अडखळते, पण 'मी ठीक आहे' म्हणणारा मोठा मेंदू बोलतच राहतो. तुम्हाला अनुभव दिसतो.

---

घुमटवाला · रात्री ८.४०

स्पर्धेच्या आधी हात बर्फ आणि घशाला कोरड, ते कुठलं खातं?

---

निवृत्त_मास्तर · रात्री ९.१५

ते खातं तुमच्या हुकमात नाही. स्वायत्त संस्था. तिच्या दोन बाजू, अनुकंपी आणि परानुकंपी. नावं अगदीच कोरडी, मान्य. पहिली पळायला किंवा भांडायला तयार करते: हृदय जोरात, बुबुळातली बाहुली मोठी, कातडीचं रक्त आवळून स्नायूंकडे, म्हणून हात गार. लाळ, पचन बंद. दुसरी जेवल्यावर सुस्तावलेल्या माणसाची, सगळं उलट करते. वाघ समोर आला काय आणि परीक्षक समोर आला काय, पहिलीला फरक कळत नाही.

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरलेला? १७५६ साली कांदोळीत जन्मलेला आपला माणूस. गोष्ट अशी सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि बोबडी वळली. खाली बसलेल्या बापाने कोंकणीत कुजबुज केली, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" आणि पोराचं तोंड सुटलं. गोष्ट किती खरी ते सोडा, पण यंत्रणा बरोबर आहे. अनुकंपीला थेट हुकूम देता येत नाही, पण समोर जे आहे त्याचा अर्थ बदलला की तिचा जोर उतरतो. पुढे पॅरिसात जाऊन याच माणसाने सांगितलं की संमोहनात चुंबकी द्रव वगैरे काही नसतं, जे काही आहे ते ऐकणाऱ्याच्या मनात असतं. त्या काळी लोक हसले त्याला.

---

कवळेकर_बाबू · १६ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

आईने भाजी कातर वाचून दाखवायला लावलं, दोनदा. उद्या तपासणी आहे आणि तिला 'करंट'ची भीती आहे, म्हणून.

एक राहिलं. दुखणं पायालाच का? साखर तर सगळ्या अंगात आहे.

---

निवृत्त_मास्तर · सकाळी १०.२०

इथे मूळ मुद्दा येतो. चेतापेशी ही एक पेशी. तिचा कंद, म्हणजे पेशीचं मुख्य अंग, मणक्याजवळ, आणि तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. जवळजवळ एक मीटर. एकच पेशी! कंद नारळाएवढा धरला तर तंतू सुंभाच्या दोराएवढा जाड आणि एक-दोन किलोमीटर लांब. कवळ्याच्या देवळाच्या तळीकडे नारळ ठेवा आणि दोर फोंड्याच्या दिशेने ओढत न्या.

आता, त्या दोराला लागणारी बहुतेक सामग्री कंदातच बनते. तिथून आतल्या रुळांवरून टोकाला पोचवायची. जलद मालाचा वेग दिवसाला साधारण ४० सेंटिमीटर. म्हणजे कमरेहून अंगठ्यापर्यंत अडीच दिवस. संथ मालाला वर्षही लागतं. साखर वाढली की चेतेला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि ही वाहतूकही रखडते. उपासमार आधी कुणाची? सगळ्यात दूरच्या गावाची. म्हणून बोटं आधी, मग तळवा, घोटा. आणि बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला की हाताची बोटं सुरू होतात, कारण तिथवरची लांबी साधारण तेवढीच भरते. अंगात मोजे-हातमोजे घातल्यासारखा नकाशा. एकाच पायाला, एकाच पट्ट्यात दुखलं तर मात्र विचार वेगळा, मणक्याशी एखादी चेता दबलीय का बघतात. एकूण अशा ३१ जोड्या मणक्यांतून निघतात, शिवाय १२ जोड्या थेट मेंदूतून. बाकी पाठांतर सोडून देतो.

---

बांबोळी_शिफ्ट · सकाळी ११.०५

मास्तरांना जोड देते.

उद्या पाय गरम ठेवून न्या. तंतू थंड झाला की दर अंशाला वेग सेकंदाला दीड-दोन मीटरने घसरतो, आणि तपासणीची खोली एसीची असते. करंट म्हणजे रबर ताणून सोडल्यासारखा चटका, बस्स. एका ठिकाणी चटका देऊन दुसऱ्या ठिकाणी तो किती वेळात पोचला ते मोजतात. ही युक्ती नवी नाही, १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या चेतेवर हेच केलं होतं. त्याआधी लोकांना वाटायचं निरोप इतका झटपट जातो की मोजताच येणार नाही. निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, कोकण रेल्वेच्या गाडीइतका!

माणसाच्या पायात साधारण ४० च्या वर हवा. सगळ्यात वेगवान तंतू १०० च्याही वर जातात, त्यांच्यावर मायलिनचं चरबीचं वेष्टण असतं आणि निरोप वेष्टणाच्या फटीफटीतून उड्या मारतो. उघडे तंतू सेकंदाला एखादा मीटर. उंबरठ्याला अंगठा ठेचला की आधी लख्ख कळ आणि क्षणभराने रटरटणारी दुसरी, ती या दोन डाकांमुळे. आणि आपण लगेच अंगठा चोळतो, कारण स्पर्शाचे वेगवान निरोप मेरुरज्जूच्या दारातच वेदनेला अडवतात. वॉल आणि मेल्झॅक यांनी १९६५ मध्ये हे मांडलं. आयांना आधीपासून माहीत होतं.

लक्षात ठेवा, ही तपासणी जाड तंतूच मोजते, आग कळवणारे बारीक तंतू तिच्यात दिसत नाहीत. अहवाल चांगला आला आणि आग तशीच राहिली तर 'तुमच्या मनाचे खेळ' असं कुणी म्हणू नये.

आणखी एक, बाबू. आई मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना बी१२ बघायला सांगा. कापसावर चालल्यासारखं वाटणं, हे मला खटकतंय. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का तिचा?

---

कवळेकर_बाबू · सकाळी ११.४०

जातो. बेसिन धरून उभी राहते. आम्ही वय म्हणून सोडून दिलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

आणि बी१२ कमी कसं असेल? घरात सोमवार, गुरुवार सोडला तर रोज नुस्तं, म्हणजे मासे.

---

बांबोळी_शिफ्ट · दुपारी १२.१०

नुस्त्यात बी१२ भरपूर, पण खाल्लेलं शोषलं गेलं तर ना. मेटफॉर्मिनची बरीच वर्षं आतड्यातलं शोषण कमी करतात, आम्लपित्ताच्या गोळ्याही करतात, आणि वयाने पोटातलं आम्ल घटतं. गोळी बंद करायची नाही हं, नुसतं तपासायचं.

बी१२ मायलिनसाठी लागतं. ते कमी पडलं की मेरुरज्जूच्या मागच्या भागातले जाड तंतू खराब होतात. पाय कुठे आहे हे डोळे न उघडता सांगणारे तेच, आणि घोट्यावरची थरथर कळवणारेही तेच. पाय कळत नाहीत म्हणून माणूस डोळ्यांवर विसंबून उभा राहतो. डोळे मिटले की दोन्ही गेलं.

आपल्याकडे हे सगळ्यांनी वाचावं. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. चारात एक. घरोघरी मेटफॉर्मिन आहे.

---

साखळीकर · दुपारी १२.३०

काकांच्या डब्यावरचा कागद वाचला. बी६ आहे. बंद करायला सांगतो, डॉक्टरांना दाखवून. क्षमस्व.

---

कवळेकर_बाबू · २० फेब्रुवारी, रात्री ९.१५

अहवाल आले. पायातला वेग ३४. बी१२ पुष्कळ खाली. इंजेक्शनं सुरू झाली. साखरेच्या औषधाची मात्राही डॉक्टरांनी नव्याने बसवली.

करंटच्या वेळी आई तंत्रज्ञाला म्हणाली, "भाजी कातर बाबा." त्याला काहीच कळलं नाही.

---

निवृत्त_मास्तर · २१ फेब्रुवारी, सकाळी ६.००

फार बरं झालं. धीर धरा म्हणावं. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला एक मिलिमीटरच्या हिशेबाने.

---

बांबोळी_शिफ्ट · सकाळी ६.३५

मास्तर, तो हिशेब कापलेल्या चेतेचा. यांना वेळापत्रक म्हणून सांगू नका. काही परत येतं, काही येत नाही.

---

कवळेकर_बाबू · १८ मे, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. तोल पुष्कळ सुधारला. काल संध्याकाळी तुळशीपाशी डोळे मिटून हात जोडून उभी होती, काही न धरता. मी मागे उभा होतो, तिला न कळता. आग रात्री अजून होते, पण कमी.

बांबोळीताई, तुमचा इशारा उशिरा पोचला. आईने तेव्हाच घोट्यापासून अंगठ्यापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजून घेतलं होतं, वीस सेंटिमीटर. म्हणजे दोनशे दिवस. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सप्टेंबरात चवथीच्या आसपास एक फुली मारून ठेवलीय. शेजारच्या काकूंनी विचारलं, कसली फुली? तर म्हणाली, "त्या दिवशी निरोप अंगठ्याक पावतलो."